शेवटचा तुकडा दोनदा

आमच्या काकाजींना रोज घरी दोनदा यावं लागे. सकाळी फिरायला जात, परत येत, फाटकाच्या कडीला हात लावत आणि तिथूनच मागे वळत. गल्लीच्या तोंडाशी कडुनिंबाचं झाड होतं, तिथवर जात, झाडाला हात लावत आणि पुन्हा येत. मग कुठे आत शिरत. मी त्यांच्याकडे भाड्याने राहायला आले त्याच्या पहिल्याच सकाळी हे पाहिलं आणि विचारलं, की काकाजी, वाटेत काही पडलं का? तर म्हणाले, नाही वं, काही नाही पडलं, आता आलो. मग मघाशी कोण आलं होतं, हे विचारायची माझी टाप नव्हती. त्यांच्या बायकोने, आमच्या काकूने, चुलीवरून मान न वळवता मला सांगितलं, "तू ध्यान नोको देऊ. ह्या माणसाच्या चालीनं गेलो असतो, तं आमचं लगन अजून व्हायचंच होतं."

काकाजी रेल्वेत चावीवाले होते. रूळ जागच्या जागी धरून ठेवायला लोखंडी चाव्या ठोकलेल्या असतात, त्या गाड्यांच्या हादऱ्याने ढिल्या होतात. खांद्यावर हातोडा टाकून रोज आपल्या वाट्याच्या लाइनीवरून चालत जायचं, ढिली चावी दिसली की ठोकायची, मधेमधे रूळ वाजवून पाहायचा. चांगला रूळ टण्ण बोलतो, तडा गेलेला ठस्स करतो. हे त्यांनी तीस वर्षं केलं. रुळांखालच्या लाकडी स्लीपरांवरून तीस वर्षं चालल्यामुळे त्यांचं पाऊल दोन स्लीपरांमधल्या अंतराएवढंच होऊन बसलं होतं, बोटभर कमी नाही की जास्त नाही. नागपूरच्या इतवारी बाजारातल्या गर्दीत हातगाड्या, टेम्पो, डोक्यावर कापडाचे गठ्ठे घेतलेले हमाल, सगळे अंगावर येत असायचे आणि हे मधून आपले स्लीपर मोजत चालल्यासारखे चालायचे. लोक शिव्या द्यायचे आणि बाजूला व्हायचे.

वाजवून पाहायची खोड मात्र रिटायर झाल्यावर वाढली. हातोडा खात्यात जमा करावा लागला, म्हणून इतवारीतून एक चिमुकली हातोडी आणली होती. माठ वाजवायचे, खाटेचे पाय वाजवायचे, काकूची पितळेची गंज-पातेली वाजवायचे. टरबूज तर बाजारात कोणी त्यांच्याशिवाय घेतच नसे. काकू म्हणायची, एकदा आपलं डोकंही वाजवून पाहा. ते शांतपणे म्हणायचे, पाह्यलं, बरं हाये.

आता माझं सांगते. मी काटोलकडची, संत्र्याच्या बागेतली पोर. काकाजी आमच्या गावाचे आणि दूरच्या नात्यातले, म्हणूनच वडिलांनी मला नागपूरला एकटीला सोडलं. साल अठ्ठ्याहत्तर असेल, एकोणऐंशी असेल. मला पोलिसात जायचं होतं. कुठून हे डोक्यात आलं ते सांगत बसत नाही, पण आलं होतं आणि जात नव्हतं. वडील म्हणाले, एक भरती. एकच. लागली तर लाग, नाही तर मुकाट्याने घरी ये, आलेल्या स्थळाला होकार कळवू. स्थळ वाईट नव्हतं. मला नको होतं एवढंच. लेखी परीक्षेची मला चिंता नव्हती. घोडं अडलं होतं धावण्यावर. मैदानाच्या चार फेऱ्या ठरल्या वेळात पुऱ्या करायच्या होत्या, आणि मी शाळा सुटल्यापासून एस.टी. पकडायलासुद्धा धावले नव्हते.

हाताशी चार महिने होते. मी पांढरे कॅनव्हासचे बूट घेतले आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच जीव खाऊन धावत सुटले. धावणं म्हणजे धावणं, अशी माझी समजूत होती. जितकं दमू तितकं पुण्य. गल्लीतल्या बायका दारात उभ्या राहून बघत होत्या, म्हणून आणखीच जोरात. चौथ्या दिवशी परत आले तेव्हा काकाजी ओट्यावर डोळे मिटून बसले होते. डोळे न उघडताच म्हणाले, "डावा पाय वेगळा बोलून राह्यला तुहा."

मी म्हटलं, काही नाही, जरा नडगी ठणकतेय. त्यांनी मला खाटेवर बसवलं आणि बोटाच्या पेराने माझी नडगी वरून खाली वाजवत नेली, टरबुजासारखी. एका जागी मी ओय केलं. त्यांनी मान हलवली, उठून आत गेले, ट्रंक उघडली आणि एक जुनी लाल झेंडी आणून माझ्या खोलीच्या कडीला बांधली. ही झेंडी खात्यात जमा कशी झाली नाही ते मला माहीत नाही. म्हणाले, लाइन बंद.

तिथून आमचं भांडण सुरू झालं. त्यांचं म्हणणं असं, की नवा रूळ टाकला की त्यावरून पहिल्या दिवशी कोणी मेल सोडत नाही. खालची गिट्टी, म्हणजे खडी, बसायला वेळ लागतो. पहिल्या गाड्या बैलगाडीच्या चालीने जातात, मग थोड्या जोरात, मग आणखी थोड्या. रेल्वेत त्याला कॉशन म्हणतात. लाइनीच्या कडेला पाटी असते आणि केवढाही मोठा ड्रायव्हर असला तरी त्या पाटीपुढे त्याचं काही चालत नाही. "तुह्या पायाची गिट्टी बसाची हाये अजून," ते म्हणाले. मग हुकूम सुटला. पंधरा दिवस नुसतं चालायचं. त्यानंतर विजेच्या एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत धावायचं, पुढचे तीन खांब चालायचं. मग दोन खांब धावायचं, दोन चालायचं. आणि पाऊल आखूड टाकायचं, त्यांच्यासारखं. लांब टांग टाकली की टाच आपटते, टाच आपटली की नडगी बोंबलते.

मला रडू येईल इतका राग आला. चार महिन्यांतले पंधरा दिवस हा म्हातारा मला चालायला लावणार! पण करते काय, नडगी खरंच ठणकत होती. आणि एक गोष्ट कबूल करते. ते माझ्याबरोबर यायचे. रोज. मी धावायचे तेव्हा मागून आपल्या चालीने चालत यायचे. मी चालायचे तेव्हा गाठायचे. गल्लीत कोणी काही बोललं तर थांबून त्याच्याकडे इतका वेळ शांतपणे बघायचे, की तो माणूस आपणहून घरात जायचा. पुढे कोणी बोललं नाही. मला मात्र वाटायचं, हे सगळं मी सहन करतेय. ते माझ्यासाठी काही करतायत हे तेव्हा ध्यानातच आलं नाही. अक्कल उशिरा येते म्हणतात ते खोटं नाही.

वडील कधी बसने संत्र्यांची टोपली पाठवायचे. काकाजी एक फळ हातात घेऊन म्हणायचे, हे झाड लावल्यावर कितव्या वर्षी फळ धरते वं? मी म्हणायची, पाचव्या. ते म्हणायचे, अन तुह्या बापानं पाच वर्षं वाट पाह्यली? मी म्हणायची, झाडाला भरतीची तारीख नसते काकाजी. यावर ते हसायचे आणि फोड तोंडात टाकायचे. वाद घालायचेच नाहीत, हीच तर चीड.

असं करत तीन महिने होत आले. आता मी अर्धा-अर्धा तास न थांबता धावत होते, पण त्यांच्याच चालीने. जोर कुठे आहे, हे मला पडताळून पाहायचं होतं. भरतीला पाच आठवडे उरले होते. एका रविवारी काकाजी-काकू कुणाच्या तरी बारशाला खापरखेड्याला गेले. मी बूट चढवले आणि निघाले. सगळी कॉशन उठवली. फुटाळ्याच्या तलावापर्यंत गेले आणि तिथून आणखी जोरात परत. काय वाटलं सांगू! तीन महिने दाव्याला बांधलेली गाय सुटावी तसं झालं होतं मला. घराजवळ आले आणि डाव्या नडगीत कोणीतरी सुई खुपसावी तशी कळ उठली. शेवटच्या दोन गल्ल्या भिंत धरत आले.

संध्याकाळी काकाजी आले. फाटकापर्यंत आले, कडुनिंबाकडे गेले, परत आले. मी खाटेवर पुस्तक धरून बसले होते, पाय चादरीखाली. त्यांनी विचारलं, आज काय केलं? मी म्हटलं, चालले, तुम्ही सांगितलं तेवढं. ते समोर उकिडवे बसले आणि पेराने नडगी वाजवली. मी ओठ दाबून धरले, पण डोळ्यांतून पाणी आलं ते काही दाबता आलं नाही.

मला वाटलं आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी अंगणात वीट तापवायला ठेवली, फडक्यात गुंडाळली आणि माझ्या पायाला शेक द्यायला बसले. काकू आत भाकरी थापत होती. तिला ऐकू जाणार नाही अशा आवाजात ते बोलायला लागले. ते कधी एवढं बोलत नसत.

गोष्ट होती ते तिशीतले असतानाची. एका दुपारी लाइनीवर निरोप आला, की काकूला कळा सुरू झाल्या. पहिलंच बाळंतपण. त्यांचा शेवटचा अर्धा मैल चालायचा राहिला होता. कालच पाहिला होता, चांगला होता. ते तसेच घरी गेले. मुलगी झाली, तीच जी आता सासरी होती, तिचं तोंड पाहिलं, साखर वाटली. दुसऱ्या दिवशी लाइनीवर गेले, तर त्याच अर्ध्या मैलात दोन रूळ जोडणारी लोखंडी पट्टी फुटलेली. फूट जुनी दिसत होती, आत गंज धरला होता. म्हणजे आदल्या दिवशीही ती तशीच होती. रात्रभरात तिच्यावरून माणसांनी भरलेल्या तीन गाड्या गेल्या होत्या.

मी विचारलं, मग?

"मंग काही नाही. गेल्या गाड्या. कोणाले खरचटलं भी नाही. पट्टी बदलली, साहेबाले सांगतलं का आज फुटली." त्यांनी विटेची बाजू उलटली. "झालं असतं काही, तं शिक्षा भोगून मोकळा झालो असतो. काहीच नाही झालं वं. तेच जात नाही."

त्या दिवसापासून ते शेवटचा तुकडा दोनदा चालत होते. आधी लाइनीवर, आणि रिटायर झाल्यावर गल्लीत. काकूलाही हे ठाऊक नव्हतं. तिला वाटे, नवरा जरा सटकलेला आहे. तिने तो तसाच गोड मानून घेतला होता.

मी रडत म्हटलं, काकाजी, मी तुम्हाला फसवलं. ते म्हणाले, "मले कायले फसवतं? गाडी तुहीच हाये अन रूळ भी तुहाच."

तीन आठवडे लाल झेंडी माझ्या कडीला लटकत राहिली. तीन आठवडे! भरती पाचव्या आठवड्यात. मी खोलीत पडून छताची कौलं मोजायची आणि त्या स्थळाचं नाव आठवायची. मुलाचं कापडाचं दुकान होतं, मला म्हणे गल्ल्यावर बसवणार होते. काकू सकाळ-संध्याकाळ पायाला तेल लावायची, आणि मी हुंदके द्यायला लागले की म्हणायची, चूप बस, पायात पाणी उतरेल. असं काही नसतं, पण मी चूप बसायची. बाविसाव्या दिवशी काकाजींनी नडगी वाजवली, मी काही बोलले नाही कारण दुखलं नाही, आणि त्यांनी झेंडी सोडली. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली. खांब ते खांब. फक्त यावेळी मी भांडले नाही.

भरतीच्या आदल्या दिवशी त्यांनी बेत सांगितला. ते मैदानाच्या तारेबाहेर चिंचेच्या झाडाखाली हिरवी झेंडी घेऊन उभे राहतील. झेंडी गुंडाळलेली असेल तोवर कॉशन. कोणीही पुढे जावो, कितीही पुढे जावो, आपलं पाऊल आखूड. झेंडी उघडली की मग मोकळी. "पण झेंडी दिसल्याबिगर जोर लावजो नोको," असं दोनदा बजावलं.

मैदान आमच्या घरापासून तासाभराच्या चालीवर. मी रिक्षाने गेले, ते पायीच निघाले, माझ्याही आधी. रिक्षात बसणं त्यांना पटत नसे.

शिट्टी झाली आणि पोरी बाण सुटावा तशा सुटल्या. पहिल्या फेरीत मी शेवटून दुसरी. चिंचेजवळून गेले, तिथे कोणी नव्हतं. म्हटलं, येतील. दुसऱ्या फेरीत आता शेवटून पहिली, आणि चिंचेखाली एक कुत्रं झोपलेलं. मी मनातल्या मनात त्यांना काय काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही. चार महिने मला खांबाला बांधून ठेवलं आणि ऐन वेळी हा माणूस कुठे स्लीपर मोजत बसलाय! घड्याळ घेतलेला साहेब ओरडत होता. तिसऱ्या फेरीत पुढच्या पोरी मोडायला लागल्या. एक कूस दाबून चालायला लागली, एक पोटरी धरून खालीच बसली. मी एकेकीच्या बाजूने निघून गेले, जोर न लावता. तिसऱ्यांदा चिंच आली. कोणी नाही.

आता कॉशन उठवायची कोणी? शेवटची फेरी होती. मी काय केलं सांगू, मी माझे पाय ऐकले. त्यांच्यासारखे डोळे मिटता येत नव्हते, पण कान दिले. डावा, उजवा, डावा, उजवा. दोन्ही सारखेच बोलत होते. मग मीच झेंडी उघडली. ती शेवटची फेरी कशी गेली मला आठवत नाही. फक्त साहेबाने पाठीवर खडूने खूण केली आणि म्हणाला, त्या बाजूला उभी राहा. त्या बाजूला म्हणजे पास झालेल्यांच्यात.

फाटकाबाहेर आले तर भिंतीच्या कडेने काकाजी येत होते. काखेत गुंडाळलेली हिरवी झेंडी, तेच पाऊल. माझा आनंद बाजूला राहिला आणि राग उसळला. मी भर रस्त्यात बोलले, "काकाजी, कुठं होते तुम्ही? चारही फेऱ्या मी झाडाकडे पाहून राहिली होती!"

ते ओशाळले. मी त्यांना ओशाळलेलं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

"येळेवर आलो होतो वं," ते म्हणाले. "शिट्टीच्या आधीच आलो होतो. फाटकाले हात भी लावला. पण आज तुहा दिवस होता. शेवटचा तुकडा एकदाच चालून कसं चाललं असतं? म्हणून वापस गेलो, त्या पुलापासून पुन्हा आलो."

मी गटाराच्या कठड्यावर बसले. हसू येत होतं की रडू, मला कळेना. दोन्ही आलं. त्यांनी झेंडी खाली ठेवली, भर रस्त्यात उकिडवे बसले आणि माझ्या दोन्ही नडग्या वाजवल्या. मान हलवली, बरं हाये म्हणाले. आणि मग, सगळं झाल्यावर, विचारलं, "लागली का?"

लागले. वडिलांनी स्थळाला नकार कळवला, जरा तोंड वाकडं करून, पण कळवला. पुढे मी वर्दीत भेटायला गेले की काकाजी माझे बूट वाजवून बघायचे आणि काकू पाटवडी करायची. धावणं सुटलं नाही. सोबतच्या कितीजणींचे गुडघे गेले, माझे अजून चांगले आहेत. मला कोणी विचारलं की मी कडुनिंब आणि खांब सांगते. त्यांना वाटतं बाई काहीतरी लपवतेय.

काकाजी गेले तेव्हा मी शहरातच ड्यूटीवर होते. निरोप आला आणि तशीच, वर्दीतच, गेले. आमच्याकडे बायका घाटावर जात नाहीत. मी काकूजवळ बसायला लागले, तर काकूने मला उठवलं. तिचे डोळे कोरडे होते. म्हणाली, "तू जाय. त्याइची चाल तुलेच माहीत हाये."

खांदेकरी नेहमीसारखे झपाझप निघाले. मी पुढे जाऊन म्हटलं, सावकाश चला. वर्दी पाहून चालले बिचारे सावकाश. कडुनिंब मागे पडला, बाजार मागे पडला, घाटाची कमान आली. मी म्हटलं, थांबा, या वळणापासून पुन्हा आणू त्यांना.  एका म्हाताऱ्याने समजावलं, की बाई, अर्थी मागे फिरवत नसतात. बरोबर होतं त्यांचं. त्यांनी काकाजींना आत नेलं.

मी एकटी वळणापर्यंत परत गेले. तिथल्या दिव्याच्या खांबाला हात लावला आणि पुन्हा निघाले. आतून गुरुजी हाका मारत होते, उशीर होतो, चला म्हणून. मी पाऊल लांब टाकलं नाही.